बॅग आपली, भरायची आपल्याच हातांनी

आज आपण बोलणार आहोत प्रवासाच्या बॅगेबद्दल, आणि तीसुद्धा विमानाने परदेशी जाणाऱ्या बॅगेबद्दल. हसू नका बरं का! "आमचं माहेर तीन कोसांवर, आम्हाला कशाला लागतंय विमान," असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या गावातली घरं डोळ्यांपुढे आणा. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा जावई दुबईला, कुणाची लेक लग्न होऊन तिकडेच गेलेली. लेक पहिलटकरीण असली की आईचा जीव इथे राहत नाही. मग पासपोर्ट निघतो, जावई तिकीट पाठवतो आणि ज्या बाईने आजवर एसटीशिवाय दुसरा प्रवास केला नाही, ती विमानतळावर उभी राहते.

आमच्या गटातल्या काकूंचं असंच झालं. लेक दुबईत, दिवस भरत आलेले. काकूंना दोन महिन्यांचा व्हिसा मिळाला. जायच्या चार दिवस आधी आम्ही गटातल्या सगळ्याजणी त्यांच्या पडवीत बसलो. म्हटलं, चला, बॅग भरून देऊ. घोंगडी अंथरली आणि न्यायचं सगळं सामान त्यावर मांडलं. डिंकाचे लाडू, अळीव, कांदा-लसूण मसाला, लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, खोबऱ्याच्या वाट्या, बाळगुटीच्या मुळ्या, धुरीसाठी धूप आणि कापूर, काडेपेटी. शिवाय गल्लीतल्या लोकांनी "आमच्या पोराला एवढं पोचवा" म्हणून दिलेल्या पाच-सहा पिशव्या. त्यातल्या दोन तर शिवून बंद केलेल्या.

आम्हाला वाटलं होतं, तासाभरात काम होईल. पण जावयाला फोन लावला आणि एकेक वस्तू वाचून दाखवायला लागलो. लाडवांशी आलो तेव्हा त्याने विचारलं, "लाडवात खसखस आहे का?" आम्ही म्हटलं, "आहे की! खसखशीशिवाय डिंकाचा लाडू कसला?" तो म्हणाला, "मग ते लाडू आणायचे नाहीत. एकही नाही."

मैत्रिणींनो, ते लाडू आमच्या गटाने केलेले होते. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते, आपण ती वाटणात घालतो, त्यात काही गुन्हा नाही. पण संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजा या भागात, आणि सौदी अरेबियातही खसखशीला बंदी आहे. तिथे ती मादक पदार्थांच्या कायद्यात येते. थोडीशी का असेना, बॅगेत सापडली तर माणूस चौकशीत अडकतो, कोठडीतही जाऊ शकतो. "मला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. आणि खसखस काही फक्त पुडीत नसते. डिंकाच्या लाडवात असते, अनारशावर असते, करंजीच्या सारणात असते, कित्येक घरांच्या कांदा-लसूण मसाल्यात आणि काळ्या मसाल्यात भाजून घातलेली असते. म्हणून मसाला नेताना तो कुणी केला आणि त्यात काय काय घातलं, हे विचारल्याशिवाय बॅगेत ठेवायचा नाही.

आम्ही त्या रात्री नवे लाडू वळले. डिंक, खारीक, गोडंबी, मेथी, गूळ, तूप, खसखस वगळली. चवीत फरक पडला, पण जिवाला घोर नाही राहिला.

आता बाकीच्या वस्तू एकेक करून घेऊ. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाजूला काढा. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून पुष्कळ विमान कंपन्या सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. कापूर, काडेपेटी आणि लायटर कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. धूप आणि गोवरीचा तुकडाही घरीच ठेवा. तिकडच्या इमारतींमध्ये धूर ओळखणारं यंत्र बसवलेलं असतं. आपण प्रेमाने बाळाला धुरी द्यायला जाऊ आणि सगळ्या इमारतीत भोंगा वाजेल. बाळगुटीच्या मुळ्या, कसल्या कसल्या पुड्या, वैदूने दिलेलं चूर्ण, हे तपासनिसाला ओळखता येत नाही आणि आपल्याला समजावून सांगता येत नाही. तेही नको. तसंही डॉक्टर सांगतातच की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. विड्याची पानंही दुबईत न्यायला मनाई आहे. आणि ज्या मिश्री लावतात त्यांनी मिश्रीची डबी नेऊ नये. काळी पूड बघून कुणाला काय वाटेल याचा नेम नाही.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग लेकीला द्यायचं तरी काय? मैत्रिणींनो, दुबईत आपल्याकडची किराणा दुकानं भरपूर आहेत. डाळ, गूळ, तूप, मेथी, ओवा, सगळं मिळतं. आपण फक्त आपल्या हातचं थोडं न्यायचं. चार किलोचा मसाला नेण्यात शहाणपण नाही.

आता बॅगा दोन असतात, हे लक्षात ठेवा. एक मोठी, ती विमानतळावर वजन करून ताब्यात घेतात आणि ती विमानाच्या पोटात जाते. दुसरी लहान, ती आपल्या हातात राहते. मोठ्या बॅगेत किती किलो चालेल ते तिकिटावर लिहिलेलं असतं. कुणाला २० किलो, कुणाला ३० किलो. हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोची मर्यादा असते. घरी वजनकाटा नसेल तर दुकानदाराच्या काट्यावर बॅग ठेवून बघा. विमानतळावर जास्तीच्या किलोला पैसे भरावे लागतात, नाहीतर सगळ्यांसमोर बॅग उघडून सामान काढावं लागतं.

हातातल्या बॅगेत पातळ वस्तू १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही. लोणचं, तूप, दही, तेल, चटणीचा गोळा, हे सगळं पातळ धरतात. म्हणून लोणचं आणि तूप न्यायचंच असेल तर विमान कंपनीला विचारून, थोडं, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, दोन पिशव्या बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. काचेची बरणी नको. सुरी, विळी, कात्री, अडकित्ता, हेही हातातल्या बॅगेत नकोत. याच्या उलट मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. चार्जरची पिन तिकडे वेगळी असते, तीन चौकोनी दांड्यांची. जावयाला सांगा, तो तिथे देईल.

हातातल्या बॅगेत काय हवं? एवढी एक गोष्ट पाठच करा: बॅग हरवली तरी ज्यावाचून आपलं अडेल, ते हातात. म्हणजे पासपोर्ट, व्हिसाचा कागद, जातानाचं आणि परतीचं तिकीट, लेकीचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद, चष्मा, रोजची औषधं, एक साडी-परकराचा जोड आणि एक शाल. विमानात गार लागतं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स मोठ्या बॅगेत एक आणि घरी एक ठेवा. ज्या बहिणी दहावी झालेल्या नाहीत आणि पन्नाशीच्या आतल्या आहेत, त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. त्याला घाबरू नका. तो आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे. आपण भेटीला चाललो आहोत, हे सांगायला परतीचं तिकीट हाताशी ठेवा.

औषधांचं मात्र नीट ऐका. काकूंना रक्तदाबाची आणि साखरेची गोळी रोज लागते. आम्ही पाहिलं तर त्यांनी सगळ्या गोळ्या सोलून एका डबीत भरल्या होत्या. तसं करायचं नाही. गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेवायच्या, म्हणजे नाव वाचता येतं. सोबत डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली, शिक्का असलेली चिठ्ठी ठेवायची. आणि शेजारणीने दिलेली खोकल्याची बाटली किंवा दुखण्यावरची गोळी अजिबात घ्यायची नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी, झोपेच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या यांवर अमिरातीत कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांनी खरंच दिल्या असतील तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते. ते काम जावई किंवा लेक करेल, पण आपण वेळेत सांगायला हवं.

दागिन्यांचं म्हणाल तर मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या पुरे. जास्त सोनं अंगावर घालून गेलात तर परत येताना "हे तिकडून आणलं का?" असा प्रश्न येऊ शकतो. न्यायचंच असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्याला दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट नावाचा कागद करून घ्या. तो कागद परत येईपर्यंत सांभाळा.

कपडे साधेच. उन्हाळ्यात तिकडे आपल्या विदर्भासारखं ऊन असतं, पण दुकानात आणि घरात एसीचा गारठा. सुती साड्या आणि एक स्वेटर न्या. अबुधाबीची मोठी मशीद बघायला नेलं तर डोकं आणि हात झाकावे लागतात, म्हणून पूर्ण बाहीचा एक ब्लाउज आणि एक मोठी ओढणी असू द्या. अबुधाबीत २०२४ साली दगडाचं मोठं हिंदू मंदिर उघडलं आहे, तिथे जायलाही तेच कपडे चालतील. चप्पल वापरलेली घाला. नवी चप्पल चालून चालून चावते.

आता शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. त्या शिवून बंद केलेल्या पिशव्या. मैत्रिणींनो, खसखस बाजूला काढणं सोपं होतं. पण शेजाऱ्याच्या तोंडावर "तुमची पिशवी मी नेणार नाही" म्हणणं आपल्या बायकांना फार जड जातं. काकू म्हणाल्या, "उद्या त्यांच्या दारात मला जायचंय. नाही कसं म्हणू?" तरीसुद्धा म्हणायलाच हवं. विमानतळावर विचारतात, "ही बॅग तुम्हीच भरलीत का?" आपण हो म्हणतो. त्यानंतर त्या बॅगेतल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी आपली. पिशवी देणाऱ्याचं नाव सांगून सुटका होत नाही. ओळखीच्या माणसाने विश्वासाने दिलेल्या पाकिटात अंमली पदार्थ निघाले आणि नेणारे बिचारे परदेशात तुरुंगात गेले, अशा बातम्या आपण ऐकलेल्या आहेत. देणारा वाईटच असेल असं नाही. त्या शिवलेल्या पिशव्यांतल्या एकीत आम्हाला काय मिळालं? अनारसे, वर खसखस लावलेली. त्या माउलीने मुलासाठी मायेनेच केले होते.

मग आम्ही गटात ठराव केला. परदेशी जाणाऱ्या सदस्याने दुसऱ्याची बंद पिशवी घ्यायची नाही. उघडी असेल तर समोर बसून बघून, चालणारी वस्तू असेल तरच. आणि कुणी रागावलं तर सदस्याने एवढंच सांगायचं, "आमच्या गटाचा नियम आहे." काकूंनी तसंच सांगितलं. एक बाई रुसल्या, बाकीच्यांनी समजून घेतलं. ज्या अनारशांच्या पिशवीवरून हे सगळं झालं, त्या माउलीने दुसऱ्या दिवशी साधे शेव-चकलीचे डबे आणून दिले, झाकण उघडून.

जाताना काकूंच्या पदराला आम्ही एक चिठ्ठी बांधली. त्यावर लेकीचा नंबर, आणि तिकडे पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८ हे आकडे. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे करायचं, हेही लिहिलं. काकू नीट पोचल्या. तपासणीत त्यांची बॅग उघडली, लाडू बघितले, आणि "यात काय आहे?" असं विचारलं. काकूंनी जावयाने शिकवलेलं एकेक नाव सांगितलं. माहीत होतं म्हणून सांगता आलं. नात झाली आहे, दोघी सुखरूप आहेत.

आणि आमच्या गटाने आणखी एक गोष्ट सुरू केली. लाडवांच्या आणि मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर आता आत काय घातलंय ते सगळं लिहितो. खसखस असेल तर ते मोठ्या अक्षरात. कारण आपलं पाकीट कुणाच्या बॅगेतून कुठे जाईल, हे आपल्याला ठाऊक नसतं. तुमच्याही गटाचे लाडू, मसाले, पापड विकायला जात असतील, तर येत्या बैठकीत एवढा विषय जरूर घ्या. आणि गावातून कुणी बाई विमानाने जाणार असेल, तर तिची बॅग भरायला दोघी-तिघी जाऊन बसा.