यंत्र आधी आले, माहिती मागाहून

परतवाड्यात आरागिरणीवर नवे यंत्र बसले की बसवणारा मिस्त्री सहसा एक-दोन दिवस थांबतो. पाते कसे चढवायचे, पट्टा कुठे ढिला होतो, हे कामगाराला हातात हात धरून दाखवतो आणि मगच निघतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटीचे पोर्टल व्यापाऱ्यांच्या पुढ्यात आले तेव्हा असा मिस्त्री थांबला नव्हता. पोर्टल इंग्रजीत, बोलणे मराठी-हिंदीत, आणि कारागिराचे शिक्षण बहुधा उर्दू शाळेत. सारा भार पडला तो मुनीम आणि कर सल्लागारांवर, म्हणजे दुकानांच्या हिशेबाची पॅकेजेस सांभाळणाऱ्या माणसांवर. त्यांनाही हे नवेच होते.

सर्वात जास्त घोटाळा झाला तो ३-बी या मासिक विवरणात. त्यात ‘सबमिट’ असे एक बटण होते. विवरण खरोखर दाखल व्हायचे ते त्याच्या पुढच्या टप्प्यावर. पण ‘सबमिट’ दाबले की आकडे गोठत आणि चूक दुरुस्त करण्याची सोय नसे. चूक झालीच तर ती पुढील महिन्याच्या विवरणात कशी वळती करावी, याचा सविस्तर खुलासा करणारे परिपत्रक निघाले २९ डिसेंबर २०१७ रोजी. म्हणजे सहा महिने लोकांनी अंदाजाने गाडा हाकला. सुरुवातीला विलंब शुल्क होते दिवसाला दोनशे रुपये. ओरड झाल्यावर ते कमी करावे लागले.

आपल्या गावाला त्यात आणखी एक अडचण. बैतुल जिल्हा इथून जवळ, पण राज्य वेगळे. सागवानी पलंग अमरावतीला गेला तर केंद्र व राज्य असे दोन कर, बैतुलला गेला तर आयजीएसटी. रकाना चुकला की योग्य कर नव्याने भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा. तोवर भांडवल अडकलेले! शिवाय कंपोझिशन योजनेतल्या कारागिराला परराज्यात माल विकताच येत नाही. ही एक ओळ नोंदणीच्या वेळीच ठळक मराठीत सांगितली असती तर काय बिघडले असते?

ई-वे बिलाचेही तेच. १ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झालेली व्यवस्था पहिल्याच दिवशी कोलमडली आणि आंतरराज्य मालासाठी १ एप्रिलपासून पुन्हा आली. महाराष्ट्रातल्या मालासाठी ती २५ मेपासून लागू झाली. त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात पोर्टलवर ताशेरे ओढले. करदात्याला पोर्टलवर सहज पोचता येत नसेल तर गाजावाजाला अर्थ नाही, असा त्याचा आशय होता.

हा विषय जुना झाला असे आम्हाला वाटत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिलांची नवी सोय आली आहे. पुरवठादाराने चढवलेले बिल तिथे स्वीकारायचे, नाकारायचे की प्रलंबित ठेवायचे ते आपण ठरवायचे. काहीच केले नाही तर ते स्वीकारलेले धरले जाते. न आलेल्या लाकडाचे बिलही असेच आपल्या नावावर चढू शकते.

व्यापारी बांधवांनी आपल्या मुनिमाकडून एक कागद लिहून घ्यावा. कोणते बटण कधी दाबायचे, कोणते दाबल्यावर मागे येता येत नाही, हे मराठीत किंवा उर्दूत, तारखेसह. तो गल्ल्याजवळच्या भिंतीवर लावावा, आणि पोर्टल बदलले की नवा लिहावा. मुनीम रजेवर असला तरी विवरणाची तारीख थांबत नाही.