झोउकोउदियान येथील कवट्या : मूळ गहाळ, प्रतिकृति शिल्लक

मूळ पोथी नष्ट झाली आणि तिची नक्कल मात्र राहिली, असे प्रसंग संशोधकांस नवे नाहींत. अशा नकलेवर विश्वास किती ठेवावा, हा वाद नेहमींचा आहे. मानवाच्या उत्पत्तीच्या इतिहासांतहि हा प्रश्न एका प्रसिद्ध स्थळाविषयीं उपस्थित झाला. ती हकीकत ग्रंथसंग्राहकांस उपयुक्त वाटेल, म्हणून येथें संक्षेपानें देतों.

पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, याच्या नैर्ऋत्येस सुमारें ५० किलोमीटरांवर झोउकोउदियान हें स्थळ आहे. तेथें स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ आंदेरसोन यांच्या प्रेरणेनें १९२१ सालीं उत्खनन सुरू झालें. १९२७ सालीं मिळालेल्या एका दाढेवरून डेव्हिडसन ब्लॅक यांनीं नवीन मानवाचें नामकरण केलें. एवढ्याशा पुराव्यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. परंतु २ डिसेंबर १९२९ रोजीं पेइ वेनझोंग यांस कवटीचा वरचा भाग सांपडला. पुढें १९३७ पर्यंत सुमारें ४० व्यक्तींचे अवशेष हातीं आले. आज त्यांची गणना 'होमो इरेक्टस' या जातींत होते. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या कालनिर्णयाप्रमाणें तेथील खालचे थर सुमारें ७,७०,००० वर्षांपूर्वींचे ठरतात.

ब्लॅक १९३४ सालीं वारले. त्यांच्यामागें आलेले फ्रान्झ वायडेनराइख यांनीं कवट्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृति, छायाचित्रें, रेखाचित्रें व मापें काळजीपूर्वक तयार करविलीं, आणि १९४१ सालीं तीं घेऊन ते अमेरिकेस गेले. मूळ अवशेषहि पेट्यांत भरून अमेरिकन नौसैनिकांमार्फत तिकडेच पाठविण्याचें ठरलें होतें. इतक्यांत, डिसेंबर १९४१ मध्यें, जपान व अमेरिका यांत युद्ध पेटलें आणि पेट्या नाहींशा झाल्या. त्यांचा ठाव आजवर लागलेला नाहीं. आरंभींच्या खोदकामांतील जे दात स्वीडनांत उप्साला येथें गेले होते, ते मात्र सुरक्षित राहिले. वायडेनराइख यांचा कवट्यांवरील विस्तृत ग्रंथ १९४३ सालीं प्रसिद्ध झाला. तोच आज त्या विषयाचा आधार आहे.

या प्रतिकृतींची परीक्षा १९६६ सालीं झाली. त्या वर्षीं नव्या खोदकामांत कवटीचे दोन तुकडे निघाले. ते युद्धापूर्वीं मिळालेल्या व नंतर गहाळ झालेल्या तुकड्यांच्या प्रतिकृतींशीं जुळले. हे सर्व एकाच कवटीचे भाग ठरले. फाटक्या पत्राचा उरलेला अर्धा भाग पुढें सांपडावा आणि तो जुन्या नकलेशीं अक्षरशः जुळावा, तसाच हा प्रकार होय.

तथापि प्रतिकृतीची मर्यादा विसरतां कामा नये. प्लॅस्टरांत आकार उतरतो, अस्थीचें द्रव्य उतरत नाहीं. द्रव्याच्या परीक्षेनें वय ठरविण्याच्या ज्या रीति मागाहून निघाल्या, त्या हरवलेल्या कवट्यांस लावतां येत नाहींत. त्याचप्रमाणें नकलेंत मजकूर राहतो. कागद, शाई व शिक्का यांची साक्ष राहत नाहीं.

यावरून आपणांस घेण्याजोगा धडा दुहेरी आहे. ज्या कागदाची दुसरी प्रत नाहीं, त्याची बरहुकूम नक्कल, तो कोठें व कोणत्या दप्तरांत मिळाला या नोंदीसह करून, दुसऱ्या गांवीं ठेवावी. आणि नक्कल झाली म्हणून मूळाविषयीं निष्काळजी राहूं नये. पुढील पिढी त्या कागदास कोणते प्रश्न विचारील, हें नक्कल करणारास आज ठाऊक नसतें.