सौरमाळांची नाडीपरीक्षा

धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीने २०१३ साली १२५ मेगावॅटचे सौर वीजकेंद्र उभारले. एवढ्या मोठ्या केंद्रात लाखो पॅनेल असतात. त्यांतले एखादे बिघडले, तर ते शोधायचे कसे? पॅनेल फिरत नाही, आवाज करीत नाही. चांगले आणि बिघडलेले पॅनेल बहुधा दिसायलाही सारखेच!

याचे उत्तर पॅनेलच्या जोडणीत सापडते. सिलिकॉनच्या एका सौरघटाचा दाब असतो जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणून ६० घट एकसर जोडून सुमारे ३० व्होल्टचे पॅनेल करतात आणि अशी २० पॅनेल पुन्हा एकसर जोडून ६०० व्होल्टची एक माळ करतात. एकसर जोडणीत दाबांची बेरीज होते. प्रवाह मात्र माळेत सगळीकडे एकच असतो. तो ९ अँपिअर आहे असे समजा. आता अशा १६ माळा एका पेटीत आणून समांतर जोडल्या, की प्रवाहांची बेरीज होते १४४ अँपिअर.

यातली एक माळ बंद पडली, तर १३५ अँपिअर उरतील. पण विरळ ढग आला तरी प्रवाह याहून अधिक घटतो! मग नुसत्या बेरजेवरून दोष कसा कळावा? म्हणून प्रत्येक माळेचा प्रवाह वेगळा मोजतात आणि शेजारणींशी ताडून पाहतात. ऊन उतरले, तर सगळ्याच माळांचे आकडे उतरतात. एकीचाच उतरला, तर दोष तिचा.

मोजण्यासाठी तार तोडावी लागत नाही. प्रवाहामुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात ठेवलेल्या, प्रवाह वाहणाऱ्या अर्धवाहक चकतीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा परिणाम १८७९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यात शोधला होता.

आता वैद्याप्रमाणे नाडी पाहू. आकडा शून्य असेल, तर फ्यूज उडाला किंवा जोड सुटला. रोज ठरावीक वेळीच उतरत असेल, तर झाडाची वा खांबाची सावली. दिवसभर थोडा कमी, पण पॅनेल धुतल्यावर पूर्ववत, तर धूळ. धुऊनही कमीच राहिला, तर पॅनेलमध्येच दोष. आकडा उणे आला, तर मात्र सावध! त्या माळेत कोठेतरी शॉर्ट होऊन शेजारच्या माळा तिच्यातच प्रवाह उलटा ढकलीत आहेत. अशा वेळी तारा तापून आगही लागू शकते. ती टाळण्यासाठीच प्रत्येक माळेला फ्यूज असतो.

एका माळेचे मोल किती? ९ अँपिअर गुणिले ६०० व्होल्ट म्हणजे ५,४०० वॅट. रोज पाच तास कडक ऊन धरले, तर २७ युनिट वीज वाया!

करून पाहा: खेळण्यातली दोन छोटी सौर पॅनेल एकसर जोडा आणि मल्टिमीटरने प्रवाह मोजा. एक पॅनेल पुठ्ठ्याने पूर्ण झाका. मग तीच पॅनेल समांतर जोडून पुन्हा झाका. दोन्ही वेळच्या आकड्यांत एवढा फरक का पडला, याची वर्गात गुरुजींशी चर्चा करा. मात्र छपरावरच्या पॅनेलना हात लावू नका. ऊन असेपर्यंत त्यांचा दाब बंद करता येत नाही!