अंगणातील वहिवाट

वसईचे नाव निघाले की बहुतेकांस १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय आठवतो, खवय्यांस सुकेळी आठवतात, आणि पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला उतरणाऱ्या मंडळींकडे ज्यांचे कधी लक्ष गेले असेल, त्यांस मोगरा व सोनचाफा आठवतो. १८६७ साली विरारहून मुंबईस आगगाडी धावू लागली आणि आगाशी, निर्मळ, वाघोली, गास या पट्ट्यातील वाड्यांस शहराची बाजारपेठ जवळ आली. परंतु बाजाराकरिता लावलेल्या ताटव्यांहून निराळी, केवळ घरच्या देवांकरिता, वेणीकरिता आणि हौसेकरिता जोपासलेली जी फुलझाडे येथील जुन्या घरांच्या अंगणांत व परसांत आढळतात, त्यांचा परामर्श क्वचितच कोणी घेतो. निर्मळनजीक माझ्या आत्याबाईंचे असे एक अंगण आहे. त्याच्या आधारे या विषयाची ओळख करून देण्याचा येथे विचार आहे.

प्रथमदर्शनी हे अंगण अव्यवस्थित वाटते. तगरीच्या अंगावर बोगनवेल रेललेली, विहिरीच्या वाटेतच गुलबाक्षीचे रान माजलेले, मोगरा तेलाच्या जुन्या डब्यात, तर अबोली पायरीच्या कडेने जागा मिळेल तेथे उगवलेली. रेखीव उद्यानांची सवय असलेला मनुष्य हे पाहून नाक मुरडील. तथापि थोडा वेळ थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की, येथे आराखडा नसला तरी वहिवाट आहे. धुण्याच्या दगडावरून वाहणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या पाटावर कर्दळ लावली आहे. मोगऱ्यास दिवसभर ऊन लागते म्हणून त्याचा डबा दक्षिणेच्या मोकळ्या बाजूस आहे. अबोलीस कवडशाचे ऊन मानवते म्हणून ती आंब्याच्या सावलीत सुखाने वाढते. आणि कण्हेर कुंपणाला आहे, कारण तिच्या विषारी पाल्याला गुरे तोंड लावीत नाहीत.

स्थळाप्रमाणे काळाचीही वाटणी या अंगणात चोख झालेली आहे. पारिजातक रात्री उमलून पहाटे आपला सडा घालतो, आणि भूमीवर पडलेले फूल देवास वाहू नये हा सामान्य नियम एवढ्या एका फुलापुरता शिथिल होतो. सोनचाफा सूर्योदयापूर्वी उतरवावा लागतो. ज्या कुळात त्याची गणना होते, त्यातील फुलांचे परागीभवन मुख्यत्वे भुंगेऱ्यांकरवी होते, आणि त्याच्या फुलात पाकळ्या कोणत्या व निदले कोणती हा भेदही स्पष्ट झालेला नसतो, इतकी ती रचना पुरातन आहे. दिवस वर आला की लाल, निर्गंध जास्वंदीवर शिंजीर पक्ष्याची फेरी सुरू होते. सायंकाळी मोगऱ्याच्या कळ्या फुटतात आणि अंधार पडताच रातराणीचा अंमल बसतो. रात्री फुलणारी ही झाडे पांढरी वा फिकी आणि तीव्र सुगंधी असण्याचे कारण उघड आहे: त्यांस पतंगांना बोलवावयाचे असते, आणि अंधारात भडक रंगाचा उपयोग नाही.

या सर्वांत अत्यंत उपेक्षित, परंतु निरीक्षणास सर्वांहून योग्य अशी वनस्पती म्हणजे गुलबाक्षी. दुपार कलल्यावर, चारच्या सुमारास, तिच्या नळीदार कळ्यांचा पीळ सुटू लागतो. जवळ बसून पाहिल्यास, आपण ज्यास फूल समजतो त्यात खऱ्या पाकळ्या मुळीच नसून रंगीत झालेला निदलपुंजच सर्व शोभा वाहतो, आणि निदलांसारखी दिसणारी खालची हिरवी वाटी वास्तविक छदांची असते, असे दिसून येते. शेजारची बोगनवेल हिच्याच कुळातील. तिची तर सारी जांभळी झगमग छदांची, आणि खरे फूल आतील चिमुकली पांढरी नळी! दोघींचे मूळ स्थान अमेरिका खंडात आहे. गुलबाक्षीचे मिऱ्यासारखे काळे बी फोडले की आत पांढरे पीठ निघते, हे येथील प्रत्येक मुलीस ठाऊक असते. पण याच झाडाच्या पांढरे पट्टे असलेल्या पानांवरून कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली आनुवंशाचा एक महत्त्वाचा नियम दाखवून दिला, हे थोड्यांस माहीत असेल. पराग कोणत्याही फांदीवरील असो, रोपाच्या पानाचा रंग बी धरणाऱ्या फांदीवरून ठरतो. अर्थात काही गुण केवळ मातेकडूनच उतरतात, असा त्याच्या प्रयोगांचा निष्कर्ष होता.

आत्याबाईंच्या अंगणातील झाडांची वंशावळही बहुतांशी बायकांकडूनच आलेली आहे. घरगुती जास्वंदीला बी क्वचितच धरते, मोगऱ्याचीही तीच गत. तेव्हा फांदी मागून आणण्यावाचून गत्यंतर नसते, आणि मागितलेल्या फांदीबरोबर देणारीचे नावही येते. "ही तगर आगाशीच्या वन्संची, हा मोगरा जाऊबाईंच्या माहेरचा," अशी नोंद त्यांच्या स्मृतीच्या दफ्तरी पक्की आहे. अबोलीचे मात्र निराळे. तिच्या सुकलेल्या शेंगेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकन फुटून बी दूर उडते, आणि त्यामुळे तिला कोणाच्या हाताची अपेक्षा राहत नाही.

हे वैभव गोड्या पाण्याच्या आधारावर उभे आहे. समुद्र जवळ असूनही येथील विहिरी गोड राहिल्या, त्यास पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवणारी बावखले कारणीभूत होत. उपसा वाढला आणि बावखले बुजली, तर खारे पाणी आत शिरते. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जी चळवळ केली, तिच्यामागे हेच भय होते. आज इमारतींच्या रांगा गावांच्या शिवेपर्यंत येऊन ठेपल्या आहेत, आणि अंगण नाहीसे झाले की मोगऱ्याने गॅलरीतील कुंडीत दिवस काढावयाचे, एवढेच त्याच्या हाती उरते.

अशा बागेत पाहुण्याने फुलाचे केवळ नाव विचारून भागत नाही. ते कोणाच्या घरून आले, कोणत्या प्रहरी उमलते आणि कोणते पाणी पिते, हेही विचारावे, म्हणजे बाग समजू लागते. निघताना एखादी फांदी मागून घेण्यातही संकोच बाळगू नये. मागे एका पावसाळ्यात पाणी साचून आत्याबाईंचा मूळ मोगरा कुजून गेला. सध्या डब्यात आहे तो, त्यांनीच पूर्वी शेजारणीस दिलेल्या रोपाची फांदी परत आणून वाढवलेला आहे. ज्या झाडाला बी धरत नाही, ते वाटून टाकणे हाच त्याच्या जतनाचा सर्वांत भरवशाचा उपाय होय.