अगरबत्तीच्या धुराऐवजी वेताच्या काड्या: घरीच बनवा स्वस्तात रीड डिफ्यूजर

जासईत खिडकी उघडी ठेवायची म्हणजे धूळ घरात घ्यायची. बंदराकडे जाणारे कंटेनर चालूच असतात, त्यात पावसाळ्यात दमट वास. मग बंद खोलीत आपण अगरबत्ती नाहीतर लोबान लावतो. खुशबू येते, पण धूरही तिथेच कोंडतो. घरात दम्याचा त्रास असलेले बुजुर्ग किंवा तान्हं बाळ असेल तर हा धूर त्यांच्याच छातीत जाणार.

रीड डिफ्यूजरला ना आग लागते ना वीज. अरुंद तोंडाच्या बाटलीत सुगंधी तेल आणि त्यात उभ्या काड्या, बस्स. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं काडीतून तेल वर चढतं आणि हळूहळू हवेत उडतं. दुकानात यासाठी आपण बरेचसे पैसे शोभेच्या बाटलीचे आणि खोक्याचेच देतो. बाटली तर घरात पडलेली असते. खोकल्याच्या औषधाची काचेची बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली की काम झालं. प्लास्टिक मात्र नको, काही सुगंधी तेलांनी ते नरम पडतं.

पैसे वाचवायला जाऊन बहुतेकांचं काम बिघडतं ते काडीपाशी. कबाबच्या बांबूच्या काड्या स्वस्त मिळतात, पण बांबूला पेरं असतात आणि तेल तिथे अडतं. वेताला टोकापासून टोकापर्यंत बारीक नळ्या असतात. पारख सोपी आहे: काडीचं एक टोक पाण्यात धरा, दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे आले तर काडी चालेल.

दुसरी गोष्ट तेलाची. खोबरेल थंडीत गोठतं. शेंगदाण्याचं, मोहरीचं तेल जाड असतं आणि कालांतराने खवट होतं. वेगळा बेस हवा. अत्तराचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे 'डीपीजी' मागा. हे बिनवासाचं, पाण्यासारखं दिसणारं द्रव आहे, हळू उडतं आणि त्यात इथेनॉल नसतं. स्पिरिटवाला सेंट घरात नको म्हणणाऱ्यांची अडचणही त्याने सुटते. काहीजण स्पिरिटच वापरतात. ते लवकर उडतं, शिवाय पेट घेतं. छोट्या घरात गॅसजवळ ही जोखीम कशाला?

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: १ तोळा अत्तर, ३ तोळे बेस. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे ५० मिलीच्या बाटलीला एवढं मिश्रण पुरतं. अत्तर कुठलं? मोहम्मद अली रोडच्या दुकानांत तोळ्यावर मिळणारं साधं गुलाब, मोगरा किंवा खस घ्या. उरण लोकलने नेरूळ, तिथून हार्बरने सँडहर्स्ट रोड, पुढे पायी. चंदनाच्या तेलावर उतरवलेलं कन्नौजचं महाग अत्तर यात घालणं म्हणजे बिर्याणीचं केशर चहात टाकणं. ते मनगटावरच शोभतं. जाड ऊदही नको, त्याने काड्यांच्या नळ्या बुजतात.

दहा बाय दहाच्या खोलीला ४-५ काड्या पुरे. जास्त घातल्या तर वास उग्र होतो आणि तेलही लवकर संपतं. पहिल्या दिवशी तासाभराने काड्या उलट्या करा, पुढे आठवड्यातून एकदा. पंख्याखाली ठेवू नका. बाटलीखाली बशी हवीच, कारण सांडलेलं तेल लाकडाचं पॉलिश खातं. आणि एक खरं सांगायचं तर कुबट वास यामुळे झाकला जातो, जात नाही. ओल भिंतीत असेल तर आधी गळती बघा.

बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. निलगिरी आणि टी ट्री तेल मांजरांना विषारी आहे, घरात मांजर असेल तर ही तेलं टाळा. वासाने कुणाला खोकला किंवा डोकेदुखी सुरू झाली तर बाटली खोलीबाहेर.

तेल संपल्यावर नव्या भरणीला काड्याही नव्या घ्या. आपल्याकडच्या धुळीने जुन्या बुजलेल्या असतात. तळाला उरलेले चार थेंब कापसाच्या बोळ्यावर टिपून चपलांच्या रॅकमध्ये ठेवले की तेही वाया जात नाहीत.