आजोबांची आरती आणि नवी आवृत्ती

पोखर्णीच्या नृसिंहाच्या देवळात आजोबांनी म्हटलेली आरती तुम्ही संगणकात जपून ठेवली आहे, असे समजा. संगणकाची व्यवस्था नवी केली, आणि आरती वाजेना! आजोबांचा आवाज कायमचा गेला की काय, म्हणून पोटात गोळा येतो. पण आवाज शाबूत असतो. थकलेला असतो तो वाजविणारा प्रोग्राम.

असे का होते? 'जीस्ट्रीमर' ही ध्वनिचित्रांची जणू नळयोजनाच. एक तुकडा फाईल वाचतो, दुसरा तिची उकल करतो, तिसरा आवाज कर्ण्याकडे पोहोचवितो. २४ सप्टेंबर २०१२ रोजी तिची १.० आवृत्ती निघाली आणि ०.१० साठी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालेनात. 'प्लेबिन२'चे 'प्लेबिन' झाले. ही नावे बदलणे सोपे. पण साठवणीतला मजकूर पूर्वी थेट उचलता येई. आता तो रीतसर मागून घ्यावा लागतो आणि काम झाले की परत करावा लागतो. खरी मेहनत तिथे!

सुदैवाने दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारीशेजारी नांदू शकतात. तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्याने नवे घर आधी बांधावे, त्यात आरती एकदा वाजवून पाहावी, आणि मगच जुन्याला निरोप द्यावा.