वाळवंटातील मोटारप्रवास : पूर्वतयारी आणि हिशेब

जैसलमेर शहराच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर सम हे गाव आहे. तेथपर्यंत चांगली डांबरी सडक असल्यामुळे हौशी प्रवासी तासाभरात जाऊन वाळूच्या टेकड्यांवरील सूर्यास्त पाहतात आणि रात्री शहरात परत येतात. परंतु सडक सोडून मोटार थोडी जरी वाळूत शिरली, तरी तिची चाके रुतू लागतात, इंजिन तापू लागते आणि सडकेवर ज्या गोष्टींचा विचारही करावा लागत नाही, त्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब पुढे उभा राहतो. थरच्या वाळवंटात चार दिवस मोटारीने हिंडून, रात्री उघड्यावर मुक्काम करून सुखरूप परत यावयाचे असेल तर हा हिशेब कसा मांडावा, हे येथे सांगावयाचे आहे.

पूर्वी याच प्रदेशातून सिंधकडे जाणारे उंटांचे तांडे चालत. त्यांचे मुक्काम विहिरींवरून ठरत. उंट कित्येक दिवस पाण्यावाचून चालू शकतो. माणसाला मात्र पुढची विहीर गाठावीच लागे. मोटारीने जाणाऱ्याला आपली विहीर बरोबर न्यावी लागते. शिवाय मोटारीची भूक भागविणारे इंधनही वाळवंटात मिळत नाही. पाणी जड, इंधनही जड. ओझे वाढले की चाके अधिक रुततात आणि रुतणारी मोटार अधिक इंधन जाळते. म्हणून पाणी, इंधन, टायर व वेळ या चार गोष्टींचा विचार वेगवेगळा करून चालत नाही. त्या एकाच हिशेबाच्या चार बाजू आहेत.

प्रदेश आणि ऋतू

थर म्हणजे केवळ वाळू, हा समज बरोबर नाही. जैसलमेरच्या आसपास खडकाळ व खड्यांनी भरलेली विस्तीर्ण माळराने आहेत. त्यांवर मोटार सहज चालते, पण अणकुचीदार दगडांनी टायर फाटतात. वाळूच्या टेकड्यांना तेथील लोक ‘धोरे’ म्हणतात. कोठे कोठे खारट पाणी आटून बनलेली सपाट मैदाने दिसतात. त्यांचा वरचा पापुद्रा टणक वाटला, तरी खाली चिखल असू शकतो. म्हणून प्रथम पायी चालून पाहिल्यावाचून त्यांवर मोटार घालू नये.

या प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. उन्हाळा सर्वथा वर्ज्य समजावा. फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, यावरून त्या दिवसांतील उष्णतेची कल्पना येईल. हिवाळ्यात दिवस सौम्य असतात. परंतु कोरड्या हवेमुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि पहाटे तापमान शून्याच्या जवळपासही उतरते. तेव्हा लोकरी कपडे व जाड अंथरूण-पांघरूण अवश्य बरोबर असावे.

मार्ग ठरविताना कायद्याचाही विचार केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या काही भागांत जाण्यास भारतीय नागरिकांनाही अनुमतिपत्र लागते. त्याची चौकशी जिल्हा प्रशासनाकडे आधीच करावी. पोखरणच्या परिसरात १९७४ व १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या. तेथे सैन्याचे गोळीबाराच्या सरावाचे क्षेत्र आहे व त्यात शिरणे बेकायदेशीर तसेच प्राणघातक आहे. जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरांवर राष्ट्रीय मरु उद्यान पसरलेले आहे. सोलापूरजवळील नान्नजच्या अभयारण्यामुळे महाराष्ट्रास परिचित असलेला माळढोक पक्षी तेथे ‘गोडावण’ या नावाने ओळखला जातो. त्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. ते अंडे मोटारीच्या चाकाखाली केव्हा आले, हे चालकाला कळणारही नाही. यासाठी उद्यानात रूढ वाट सोडून मोटार नेऊ नये. इतरत्रही वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्यावा.

पाण्याचा आणि इंधनाचा हिशेब

दोन मोटारी, चार माणसे आणि चार दिवस असा प्रवास आहे असे समजू. एकच मोटार घेऊन वाळूत जाणे धोक्याचे असते, कारण ती बंद पडल्यास ओढून काढण्यास दुसरी कोणी नसते. हिवाळ्यात पिणे, स्वयंपाक व अल्पशी स्वच्छता यांसाठी दर माणशी रोज ६ लिटर पाणी धरावे. चार दिवसांच्या प्रवासास सहा दिवसांचा साठा घ्यावा. ४ माणसे, ६ दिवस व ६ लिटर यांचा गुणाकार १४४ लिटर होतो. रेडिएटरसाठी आणखी १० लिटर धरल्यास २० लिटरांचे आठ डबे लागतात. ते दोन्ही मोटारींत सारखे वाटून ठेवावेत. एकाच मोठ्या पिंपात पाणी भरले आणि त्यास चीर पडली, तर सगळेच गेले.

सडकेवर एका लिटरला १२ किलोमीटर जाणारी मोटार मऊ वाळूत ६ किलोमीटरच जाईल असे धरावे. एकूण मार्ग २४० किलोमीटरांचा असल्यास प्रत्येक मोटारीस ४० लिटर इंधन लागेल. परंतु एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश राखीव, हा वाळवंटातील जुना व सुरक्षित नियम आहे. त्याप्रमाणे प्रत्येक मोटारीस ६० लिटर इंधन हवे. डबे धातूचे व घट्ट झाकणाचे असावेत, काठोकाठ भरू नयेत आणि माणसे बसतात त्या जागी ठेवू नयेत.

आता ओझे पाहू. पाण्याचे आठ डबे १६० किलोग्रॅम आणि दोन्ही मोटारींतील १२० लिटर पेट्रोल सुमारे ९० किलोग्रॅम, मिळून २५० किलोग्रॅम होतात. चार प्रवाशांचे स्वतःचे वजनही साधारण एवढेच भरते. म्हणून बाकीचे सामान निवडताना हात आखडता घ्यावा. जड वस्तू खाली व मध्यभागी ठेवाव्यात. टपावर रचलेल्या ओझ्याने उतारावर मोटार कलंडते.

वाळू आणि टायर

वाळूत चाक का रुतते, हे साध्या गणिताने कळते. टायरमधील हवेचा दाब आणि जमिनीला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार चाकावरील भाराइतका असतो. एका चाकावर ५०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्ये ३५ पौंड हवा आहे, म्हणजे दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलोग्रॅम आहे, असे समजा. तर टायरचा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकेल. हवा १८ पौंडांपर्यंत उतरविल्यास हे क्षेत्रफळ जवळजवळ ४०० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण तत्त्व हेच. उंटाचा पसरट पाय वाळूत रुतत नाही, त्याचेही कारण हेच होय.

मात्र हवा कमी असलेला टायर अधिक वाकतो व तापतो, आणि जोराने वळल्यास रिमवरून निसटतो. म्हणून वाळूत सावकाश, मोठी वळणे घेत जावे आणि टणक वाट लागताच पुन्हा हवा भरावी. दाबमापक व हवा भरण्याचा पंप बरोबर नसतील तर हवा सोडूच नये.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचे नाव अग्रगण्य आहे. १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी ईजिप्त व लिबिया येथील वाळवंटांतून साध्या फोर्ड मोटारींनी हजारो किलोमीटर प्रवास केला. टायरची हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी घालणे, रेडिएटरमधून निघालेली वाफ डब्यात थंड करून ते पाणी पुन्हा वापरणे, या युक्त्या त्यांनी प्रत्यक्ष अडचणींतून विकसित केल्या. पुढे वाऱ्याने वाळू कशी वाहते याचा प्रयोगशाळेत अभ्यास करून त्यांनी १९४१ मध्ये त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

टेकडीची वाऱ्याकडील बाजू मंद चढाची असते आणि उड्या घेत येणाऱ्या कणांमुळे तेथील वाळू दाबून घट्ट बसलेली असते. माथ्यावरून पलीकडे घसरणारी वाळू मात्र सैल राहते. त्या बाजूचा उतार सुमारे ३२ ते ३४ अंशांचा असतो. यासाठी माथ्यापाशी थांबून, उतरून पलीकडे काय आहे हे पायी जाऊन पाहावे. चढताना व उतरताना मोटार सरळ ठेवावी. उतारावर ती आडवी झाली की उलटण्याची भीती असते.

चाक रुतल्यास इंजिन जोराने चालवू नये. फिरणारे चाक स्वतःचाच खड्डा खोदते. लगेच थांबून चाकांपुढील व मोटारीच्या पोटाखालील वाळू फावड्याने काढावी, हवा आणखी थोडी कमी करावी, चाकांखाली फळ्या किंवा पत्रे घालावेत. एवढ्याने न भागल्यास दुसऱ्या मोटारीला दोर लावावा. दोर ताणलेला असताना जवळ कोणी उभे राहू नये. सेवण गवतातून गेल्यावर मोटारीखाली अडकलेले वाळके गवत काढून टाकावे. तापलेल्या धुराड्याच्या नळीला लागून ते पेट घेते.

दिशा, संपर्क आणि मुक्काम

मोबाइल फोनवरील नकाशा उपयुक्त खरा. परंतु बॅटरी संपते आणि निर्जन भागात संपर्क तुटतो. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा व कागदी नकाशा आणि होकायंत्रही जवळ ठेवावे. मोटारीच्या लोखंडामुळे होकायंत्राची सुई चळते. दिशा पाहताना काही पावले दूर जावे. रात्री ध्रुवतारा साहाय्यक होतो. जैसलमेरहून तो क्षितिजाच्या सुमारे २७ अंश वर दिसतो. उपग्रह-दूरध्वनी परवान्यावाचून बाळगणे भारतात गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावे.

मुक्कामाची जागा सूर्यास्तापूर्वी तासभर निवडावी. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही ठोकू नये. वाळवंटात पूर कसला, असे कोणास वाटेल. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास हे गाव पुराच्या पाण्याखाली गेले, आणि जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे ते पाणी मुरेना. सरपणासाठी खेजडी किंवा रोहिडा तोडू नये; तेथे एक झाड वाढण्यास माणसाचे आयुष्य लागते. स्टोव्ह बरोबर न्यावा. सकाळी पायताण झटकून घालावे, कारण विंचू व कोकणवासीयांना सुपरिचित असलेले फुरसे तेथेही आढळते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये; तो अवयव न हलविता रुग्णाला शक्य तितक्या लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

परतण्याचा निर्णय

निघण्यापूर्वी आपला मार्ग व परतण्याची वेळ एखाद्या जबाबदार माणसास लिहून द्यावी, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी पोलिसांना कळवावयाचे हेही ठरवावे. मोटार बंद पडल्यास तिला सोडून पायी निघू नये. ती सावली देते व दुरून दिसते. एकटा माणूस दिसत नाही. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या शरीरातून तासाला एक लिटरही घाम जाऊ शकतो. चालत्या माणसाच्या पाठीवर किती पाणी मावेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

रोज संध्याकाळी पाणी व इंधन मोजून वहीत लिहावे. आपल्या उदाहरणात दुसऱ्या दिवशीच्या रात्री पिण्याचे ९६ लिटर पाणी शिल्लक असावयास हवे. ते त्याहून कमी असेल, किंवा निम्मा मार्ग होण्यापूर्वीच २० लिटर इंधन संपले असेल, तर दुसऱ्या सकाळी परत फिरावे, मग पुढची टेकडी कितीही जवळ दिसो. हा आकडा घरी शांतपणे ठरविलेला असावा. वाळवंटात थकलेले, तहानलेले व पुढे जाण्यास उत्सुक असलेले मन हिशेब बदलू पाहते; वहीतील आकडा मात्र बदलत नाही.